गच्चीवर पत्र्याचं शेड: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

एप्रिलच्या मध्यावर ठाण्यातल्या गच्च्यांवर वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागतात, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांतल्याच काही बिल्डिंगांमध्ये वरच्या मजल्यावर बादल्या मांडलेल्या असतात. शेड घातलं, पैसे गेले, गळती तशीच. अशा ठिकाणी वर जाऊन पाहिलं तर पत्र्यात सहसा खोट सापडत नाही. कामं उलट्या क्रमानं झालेली असतात. सांगाडा उभा राहायच्या आत पत्रा येऊन पडला, पत्रा ठोकून झाल्यावर पन्हळ आठवली, आणि रंगारी आला तो सगळ्यांच्या शेवटी.

आमच्या सोसायटीत हेच झालं आणि तेव्हा कमिटीत मीच होतो. अठरा खांब. कोबा (स्लॅबवरचा विटा-सिमेंटचा थर) फोडायचा त्रास नको म्हणून कंत्राटदारानं खांबांच्या बुडाच्या बेस प्लेटा थेट कोब्यावर ठेवल्या आणि प्रत्येकी चार बोल्ट मारले. बहात्तर भोकं! चारही बाजू उघड्या, त्यामुळे पावसाची झड आत यायची आणि कोब्यावरून वाहत त्या भोकांत शिरायची. ज्या फ्लॅटच्या छताला एक डाग होता तिथे चार झाले. पुढच्या उन्हाळ्यात खांब एकेक करून उचलून पुन्हा बसवले. त्या दोन उन्हाळ्यांत जे कळलं, ते खाली क्रमानं लिहिलंय. सोसायटीची गच्ची असो, ऐरोली-नेरुळचं रो-हाऊस असो की गावठाणातलं बैठं घर, क्रम हाच.

## १. पाणी कुठून येतंय ते आधी शोधा

हे काम फेब्रुवारी-मार्चमधलं, छत कोरडं असताना करायचं. वरच्या मजल्यावर ओल दिसली की स्लॅब गळतोय असं सगळे धरून चालतात. पण पाणी कठड्याच्या बुडातल्या फटीतून येतं, पश्चिमेकडच्या उघड्या भिंतीच्या भेगांतून येतं, टाकीच्या खालून येतं, गच्चीवरून गेलेल्या पाइपांच्या सांध्यांतूनही येतं. शेड यातल्या फक्त स्लॅबच्या गळतीवर उपाय आहे. कठड्याच्या बाहेरच्या अंगाला भेग असेल तर शेड तिला शिवतसुद्धा नाही.

तपासायची पद्धत साधी आहे. ओल मे महिन्यातही असेल तर दोष पावसाचा नाही, टाकीचा किंवा पाइपाचा आहे. ओल फक्त पावसात येत असेल तर गच्चीचे भाग पाडा. विटा आणि मातीचा बांध घाला, आउटलेट बंद करा, एका भागात दोन इंच पाणी भरून ४८ तास ठेवा. खालच्या छतावर डागाची कड पेन्सिलीनं आखून शेजारी तारीख लिहा. कड वाढली नाही तर पुढचा भाग घ्या. शेवटी पश्चिमेच्या भिंतीवर तासभर नळीनं पाणी मारा आणि आत बसून बघा.

सावधान: दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन. छताचं प्लास्टर पडून सळ्या दिसत असतील तर पाणी भरूच नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आणखी एक. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला वजन विचारा. चार इंच विटांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातो. सांगाड्यासकट अख्खं शेड त्याच्या दहाव्या भागाइतकंच भरतं. तीस वर्षांच्या बिल्डिंगवर तीन थर कोबा मी स्वतः पाहिलाय.

## २. छप्पर कशाचं, हे ठरवा

निवड उतार, वारा आणि खाडी यांवरून करायची. रंग नंतर बघू.

मंगलोरी कौलं. बैठ्या घराला याच्यासारखं थंड छप्पर नाही. पण उतार भरपूर लागतो, आपल्या पावसाला ३० अंशांच्या आसपास. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं बसतात, एकेक अडीच-तीन किलोचं. म्हणजे वासे आणि रिपा दणकट हव्यात. येऊरच्या पायथ्याला आणि घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या अंगाला राहणाऱ्यांनी माकडांचाही हिशेब धरावा. तिथे दर उन्हाळ्यात कौलं चाळून फुटकी बदलणं हे कामच होऊन बसतं. सोसायटीच्या गच्चीवर कौलांचा विचार नको.

सिमेंटचा पत्रा. चाळींवर आणि गावठाणात अजून आहे. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. काढायचा झाल्यास ओला करून, न तोडता, मास्क लावून अख्खा उतरवा. ग्राइंडर त्याला लावायचा नाही. आणि त्यावर पाय ठेवायचा नाही. उन्हापावसानं तो ठिसूळ होतो, आणि माणूस त्यातून थेट खाली येतो.

रंगीत पोलादी पत्रा. गच्चीच्या शेडसाठी बहुतेकांना हाच घ्यावा लागतो. यात दोन जाती आहेत. एकात पोलादावर नुसता जस्ताचा थर आणि वर रंग असतो. दुसऱ्यात ॲल्युमिनियम-जस्ताचा थर असतो, ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी मुख्यतः जस्त. वाशी, ऐरोली, कोपरी, कळवा अशा खाडीजवळच्या भागांत दुसरा घ्या. बिलावर ‘एझेड १५०’ लिहून मागा. याचा अर्थ दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम थर. गडद निळा-लाल टाळा. पांढरट रंगाखाली मे महिन्यात उभं तरी राहता येतं.

यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा पत्रा. गंजत नाही आणि पावसाचा आवाज कमी करतो. पण उन्हात पत्र्यापेक्षा बराच जास्त वाढतो. स्क्रूसाठी भोक मोठं पाडलं नाही तर दोन उन्हाळ्यांत भोकापासून चीर जाते.

पॉलिकार्बोनेट, म्हणजे उजेड आत सोडणारी प्लॅस्टिकची शीट. उजेडासाठी मधे एखादी पट्टी ठीक. त्याची एकच बाजू उन्हाला टिकणारी असते, ती वरच्या फिल्मवर छापलेली असते. फिल्म आधी सोलून मग शीट उलटी लावलेली मी दोनदा पाहिली. दुसऱ्याच वर्षी पिवळी. पोकळ शीट असेल तर तिच्या नळ्या उताराच्या दिशेनं ठेवा आणि वरचं तोंड ॲल्युमिनियमच्या टेपनं बंद करा, नाहीतर आत शेवाळ धरतं.

## ३. कागद

यावर फार लिहीत नाही, पण हे टाळून पुढे जाऊ नका. सोसायटीत सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. त्यात शेड फक्त गळतीसाठी आहे, बाजू उघड्या राहतील आणि वापर कुणा एकाचा नसेल हे स्पष्ट लिहा. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात अर्ज द्या आणि उंचीसकट काय चालेल हे लेखी घ्या. ‘शेजारच्या बिल्डिंगनं घातलंय’ ही परवानगी नव्हे. बाजू बंद केल्या की शेडची खोली होते, आणि मग अनधिकृत बांधकामाची नोटीस येते. सिडकोकडून मिळालेल्या घरांनी आपल्या करारनाम्यातल्या अटीही वाचाव्यात.

बिल्डिंग ३० वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानंच लागतं. ते झाल्याशिवाय खांब उभारू नका. खांब कुठे बसवायचे हे त्याच इंजिनिअरकडून नकाशावर आखून घ्या.

## ४. तारखा उलट्या मोजा

हवामान खात्याच्या हिशेबानं मुंबईत मोसमी पाऊस यायची सर्वसाधारण तारीख ११ जून. तिथून मागे या. मेचा शेवटचा आठवडा मोकळा ठेवा. पत्रा मेच्या पहिल्या पंधरवड्यात. सांगाडा आणि रंग एप्रिलमध्ये. खांबांच्या बैठकी मार्चअखेर पूर्ण, कारण काँक्रीटला पाणी पाजायला दिवस लागतात आणि वॉटरप्रूफिंगला वाळायला. मे महिन्यात अर्धे वेल्डर गावी लग्नाला गेलेले असतात, हेही धरून चाला.

वळवाचा वारा विसरू नका. १३ मे २०२४ च्या दुपारी जे वादळ आलं त्यात घाटकोपरचं होर्डिंग कोसळून माणसं गेली. अर्धवट बांधलेलं शेड अशा वाऱ्यात सापडलं तर पत्रा पतंगासारखा जातो.

## ५. खांबांची बैठक

इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया.

लोकांना वाटतं शेडचं वजन स्लॅबला झेपेल का, हा प्रश्न आहे. वजन किरकोळ असतं, चौरस मीटरला पंधरा-वीस किलो. खरा घोर उलटा आहे. मुंबई परिसरासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या घरात जातो. खालून वारा शिरला की शेड वर उचललं जातं, आणि त्याला धरून ठेवायचं काम बैठकींचं.

क्रम असा:

१. खांब फक्त खालच्या काँक्रीटच्या कॉलम किंवा बीमच्या डोक्यावर येतील असे आखा. नुसत्या स्लॅबच्या मध्यावर नको, आणि विटांच्या कठड्यावर तर मुळीच नको.

२. तेवढ्या जागेचा कोबा चौकोनी कापून खरं काँक्रीट उघडं करा. कटर मशिननं कापा, घणानं फोडलात तर आजूबाजूचा कोबा सुटतो.

३. सळ्यांसाठी भोकं पाडा. भोक ब्रशनं घासा, पंपानं फुंका, पुन्हा घासा, पुन्हा फुंका, आणि मगच सळई चिकटवणारं केमिकल भरा. धुळीच्या भोकात केमिकल धुळीलाच चिकटतं. माझ्यासमोर एका खांबाची सळई अशीच हातानं उपटून निघाली होती.

४. वर काँक्रीटची पेडेस्टल, म्हणजे खांबाखालचा ठोकळा, ओता, तयार गच्चीच्या वर किमान सहा ते नऊ इंच. बोल्ट तिच्यातच ओतून घ्या. बोल्टांच्या अंतरासाठी प्लायचा साचा वापरा.

५. निदान सात दिवस गोणपाट ओलं ठेवा.

६. पेडेस्टलभोवती कोबा पुन्हा भरून वॉटरप्रूफिंगचा थर पेडेस्टलच्या अंगावर चढवा आणि बुडाशी गोल वाटा (कोपरा भरून केलेली गोलाई) काढा.

इथे थांबून तपासा: प्रत्येक पेडेस्टलभोवती मातीचं आळं करून एक दिवस पाणी ठेवा. खाली ओल नाही ना, हे बघूनच सांगाड्याचं सामान मागवा. पेडेस्टलच्या निमित्तानं स्लॅबच्या भेगा आणि कठड्याच्या बुडाचा वाटाही आत्ताच दुरुस्त करा. शेड झाल्यावर तिथे कुणी वाकत नाही.

## ६. सांगाडा, आणि रंग त्याच वेळी

उतार आधी पक्का करा. दर सहा फुटांना एक फूट चढ, हे आपल्याकडे चांगलं बसतं. दहाला एक चालवायचा असेल तर पत्रा आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड हवा, मधे जोड नको. एकपाखी शेडची उंच, उघडी बाजू नैऋत्येला ठेवू नका, झड आणि वारा दोन्ही थेट आत येतात. कधी कधी पावसाचे पाइपच पूर्वेला असतात आणि उतार तिकडेच करावा लागतो. तेव्हा पश्चिमेला पत्रा दीड फूट पुढे काढा आणि त्या बाजूला खांब जवळजवळ घ्या.

पर्लिन म्हणजे ज्यांवर पत्रा टेकतो ते आडवे पाइप. त्यांच्यामधलं अंतर चार फूट, कडेच्या गाळ्यात तीन. कंत्राटदार पाच-साडेपाच करून दोन ओळी वाचवतो. मग पत्रा चालताना दबतो आणि नेमका तिथेच पाणी साठवतो.

पाइप किलोवर घ्या आणि वजनकाट्याची पावती ठेवा. दोन मिमी सांगून सव्वा मिमीचा पाइप लावणं ही या धंद्यातली जुनी कला आहे, आणि रंग दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आलेल्या मालाचं बिल कंत्राटदाराकडे असतंच, ते मागा.

वेल्डिंग सलग हवं. नुसते टाके मारून पुढे जाणाऱ्याला थांबवा. वेल्डवरची खपली हातोडीनं पाडून, तारेच्या ब्रशनं घासून मग प्रायमर. पाइपांची तोंडं झाकणं वेल्ड करून बंद करा. उघड्या तोंडातून पाणी शिरतं, पाइप आतून गंजतो आणि बाहेरून कळतच नाही.

आता सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. पर्लिनचा वरचा पृष्ठभाग, ज्यावर पत्रा टेकतो, तो पत्रा बसल्यावर कधीच रंगवता येत नाही. दव आणि घाम नेमका तिथेच धरतो. म्हणून प्रायमरचे दोन हात आणि रंग, सगळं पत्र्याच्या आधी. मी पावडर लावलेल्या कॅरम बोर्डासारखा प्रत्येक पर्लिनवरून हात फिरवून बघतो. बोटाला खपली लागली तर रंगारी परत वर.

पत्र्याआधीची यादी: टाकीच्या झाकणावर माणूस वाकू शकेल इतकी जागा वर आहे का? डिश, केबल, टाकीचे पाइप हलवले का? पुढे सोलर लावायचं असेल तर त्याचं वजन इंजिनिअरनं धरलंय का?

## ७. मोजमाप आणि खरेदी

माप उभ्या सांगाड्यावरून घ्या, कागदावरून नको. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर शेड काटकोनात नाही, आणि पत्रा शेवटच्या टोकाला करवतीसारखा सरकत जातो. फरक थोडा असेल तर आत्ताच दुरुस्त होतो.

पत्र्याची पूर्ण रुंदी आणि झाकणारी रुंदी वेगळी असते. १०७० मिमीचा पत्रा आच्छादनानंतर, म्हणजे एकाची कड दुसऱ्यावर चढवल्यावर, साधारण १००० मिमी झाकतो. ४० फूट लांबीला पूर्ण रुंदीनं भागलं तर १२ पत्रे येतात, खरे लागतात १३. बारा आणून तेराव्यासाठी वेगळ्या लॉटचा वेगळा हिरवा लावलेली शेडं तुम्हीही पाहिली असतील.

जाडी विचारताना ‘पॉइंट फाइव्ह’ एवढं पुरत नाही. ती कोटिंगसकट की नुसत्या पोलादाची, हे बिलावर लिहून घ्या. शंका असेल तर वजन करा. १२२० मिमी रुंद कॉइलमधून काढलेला दहा फुटी पत्रा अर्धा मिमीचा असेल तर साधारण १४ ते साडेचौदा किलो भरतो. ०.४० चा साडेअकराच्या आसपास. भंगारवाल्याचा काटाही चालतो.

माल आला की आडवा, एका बाजूला थोडा उतार देऊन, लाकडावर ठेवा. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. पत्र्यांच्या मधे ओल अडकली की पांढरा गंज धरतो आणि तो पुसून जात नाही.

## ८. आधी पन्हळ, मग पत्रा

पन्हळीचे ब्रॅकेट पर्लिनला बसतात, म्हणजे पत्र्याच्या खाली. पत्रा ठोकल्यावर ते लावायचे म्हटलं की कारागीर पत्र्याच्या कडेलाच रिव्हेट मारतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात भरलेली पन्हळ कडेसकट खाली येते.

पन्हळीला दर वीस फुटांना सव्वा इंच उतार. खाली उतरणाऱ्या पाइपांचा हिशेब असा: तासाला १०० मिमी पाऊस धरला तर हजार चौरस फुटांवर तासाला सुमारे ९,३०० लिटर पाणी पडतं. चार इंची एक पाइप अशा पावसात साधारण सव्वाचारशे-साडेचारशे चौरस फुटांना पुरतो. म्हणजे हजार फुटांना तीन, दोन नाही. पत्रा पन्हळीत दोन इंच आत आला पाहिजे.

पत्रे घालायला सुरुवात वाऱ्याच्या उलट टोकाकडून. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येचा. म्हणून पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला, पुढचा त्याच्या पश्चिमेला आणि त्याच्यावर चढवलेला. मग जोडाची उघडी कड पूर्वेला राहते आणि वारा तिच्यावरून निघून जातो. उलट सुरू केलं तर प्रत्येक जोड वाऱ्याकडे तोंड उघडून बसतो. माणसं कुठून वर चढतात त्यावरून सुरुवात ठरवायची सवय आहे, तेवढी मोडा.

पहिला पत्रा दोरी ताणून काटकोनात लावा, बाकीचे त्याच्यामागे जातात. उभ्या दिशेला जोड द्यावाच लागला तर किमान सहा इंच आच्छादन, उतार कमी असेल तर आठ-नऊ, आणि मधे ब्युटाइलची चिकट रबरी टेप. सिलिकॉनची नुसती रेघ ओढून भागत नाही.

सावधान: ग्राइंडरनं पत्रा कापू नका. ठिणग्यांनी कडेचं कोटिंग जळतं आणि उडालेले कण आजूबाजूच्या पत्र्यावर गंजाचे ठिपके पाडतात. पत्राकात्री वापरा. चालायचं ते पर्लिनच्या रेषेवरूनच, पॉलिकार्बोनेटवर फळी टाकून, पट्टा आणि दोर लावून. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणणाऱ्यालाही पट्टा. संध्याकाळी काम थांबवताना वर टाकलेला एकही पत्रा बिनस्क्रूचा ठेवू नका.

## ९. स्क्रू

गळणाऱ्या शेडवर चढलात तर आधी स्क्रू बघा.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर की खाली सपाट भागात, यावर दोन मतं आहेत. सपाट भागात मारला तर पकड घट्ट बसते आणि छोटा स्क्रू पुरतो. पण आपल्याकडे पाणी सपाट भागातून वाहतं, म्हणजे वॉशर चार महिने पाण्यात. मी उंचवट्यावरच मारायला लावतो, लांब स्क्रू घेऊन. मात्र तिथे जोरात आवळला की उंचवटा दबतो आणि स्क्रूभोवती बशी तयार होते, पाणी धरायला अगदी सोयीची.

वॉशर ईपीडीएम रबराचा हवा, काळा प्लॅस्टिकचा नको. तो नखानं दाबून बघा. रबर दबून परत येतं, प्लॅस्टिक कडक लागतं. आवळणं किती, तर धातूच्या चकतीखालून रबर जरासं, चहुबाजूंनी सारखं डोकावलं पाहिजे. डोकावलं नाही तर सैल, फुगून बाहेर आलं तर जास्त. ड्रिल मशीनचा क्लच लावून घेतला की हात सारखा बसतो.

कडेच्या पर्लिनवर, आढ्याजवळ आणि वळचणीला प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू. मधल्या पर्लिनवर एकाआड एक चालतो. वारा कडा उचलतो, मधला भाग नंतर. दोन पत्र्यांच्या उभ्या जोडावर दर दीड फुटाला जोडस्क्रू. चुकलेलं भोक सिलिकॉननं बुजवू नका, तिथे जाडसर स्क्रू मारा.

काम संपेल त्या प्रत्येक संध्याकाळी मऊ झाडूनं पत्रा झाडून घ्या. स्क्रू मारताना पडलेला लोखंडी कीस रात्रीच्या दवात गंजतो. पंधरा दिवसांत नव्या पत्र्यावर तपकिरी पुरळ येतं आणि मग सगळे पत्रेवाल्याला शिव्या देतात.

## १०. आढं आणि भिंतीचा सांधा

आढ्यावरचा कोना, म्हणजे आढं झाकणारा वाकवलेला पत्रा, दोन्ही पाख्यांवर किमान सहा-सहा इंच उतरला पाहिजे, आणि त्याखाली पत्र्याच्या नळ्यांच्या तोंडाशी फोमचे तुकडे भरा. नाहीतर वाऱ्यानं पाणी उलटं वर चढतं, पारवे आणि पाकोळ्या घर करतात ते वेगळंच.

लिफ्टच्या खोलीच्या किंवा टाकीच्या भिंतीला शेड टेकत असेल तर फ्लॅशिंगची (सांधा झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्टीची) वरची कड भिंतीत खाच पाडून आत घुसवा आणि मग भरा. वरवर चिकटवून सिलिकॉन मारलेलं फ्लॅशिंग पुढच्या मार्चपर्यंत सुटतं. या वेळी पत्र्यावर ओलं सिमेंट सांडलं तर लगेच धुऊन टाका. ॲल्युमिनियम-जस्ताच्या थराला ते खातं. एसीच्या तांब्याच्या कॉइलवरून ठिबकणारं पाणीही तसंच, त्याची नळी थेट पन्हळीत सोडा.

## ११. शेवटचा हप्ता देण्याआधी

करारातच दहा टक्के रक्कम पाण्याच्या परीक्षेनंतर द्यायची ठेवा. परीक्षा मचाण उतरवायच्या आधी. नळी आढ्यावर धरून पाऊण तास पाणी सोडा. मग भिंतीच्या सांध्यावर, मग पश्चिमेच्या कडेला तिरकं. एक माणूस खाली टॉर्च घेऊन. दुपारी परीक्षा घेण्याआधी शेडखाली उभं राहून वर बघा, जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूनं खूण करा. हे पाण्यापेक्षा लवकर कळतं.

पन्हळीत दोन बादल्या एकदम ओता. पाणी कुठे तुंबतं ते दिसेल. तोंडाशी घुमटासारखी जाळी बसवा, सपाट जाळीवर पिंपळाचं एक पान आलं की झालं बंद.

पहिल्या चार-पाच मोठ्या सरींनंतर पुन्हा वर जा. तापून-थंड होऊन काही स्क्रू सैल होतात, ते हातानं आवळा, मशीननं नाही. गच्चीच्या मूळ आउटलेटची जाळीही उघडून बघा. शेड झाल्यावर तिकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि झडीचं पाणी अजून तिथूनच जायचं असतं. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी तिथे जे तळं साठलं, ते पतंगाच्या मांज्यानं आणि एका मोज्यानं.